पुण्याहून कोकणात समुद्रजीव बघायला जाताना: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

पुण्याहून कोकणात जाणाऱ्या गाड्या शुक्रवारी रात्री नाहीतर शनिवारी पहाटे सुटतात, कारण रजा तेव्हाच मिळते. समुद्राला आपल्या रजेशी देणंघेणं नाही. कासवांची पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात, डॉल्फिन सकाळच्या शांत पाण्यात दिसतात, खडकांमधल्या डबक्यांतले जीव पुरत्या ओहोटीलाच बघायला मिळतात आणि हर्णैच्या बंदरात दिवस कलला की मासळीचा लिलाव सुरू होतो. "कोकणात गेलो, पण पाण्याशिवाय काही दिसलं नाही" असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा बरोबर ठिकाणी चुकीच्या वेळी गेलेली असतात. त्यामुळे हॉटेल शोधायच्या आधी दोन गोष्टी ठरवा: महिना आणि तिथी.

महिना कोणता?

पहिल्यांदाच जात असाल तर मार्च. कासवांची पिल्लं, डॉल्फिन आणि मालवणला बऱ्यापैकी नितळ पाणी, हे तिन्ही याच महिन्यात जमून येतं. शिवाय ओल्या काजूची उसळ पानात पडते.

पाण्याखालचं बघायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोवर खाली बसलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डॉल्फिन दिसतात, पण पाणी गढूळ असतं. एप्रिलमध्ये हापूस असतो आणि उकाडाही तेवढाच असतो. मे महिन्यात गर्दी मी म्हणते आणि २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद असतात. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. या दोन महिन्यांत किनाऱ्यावरच्या हॉटेलात "ताजी सुरमई" मिळाली तर ती बर्फातली असणार हे समजून घ्या. पावसाळ्यात कोकण बघायला जरूर जा, समुद्रजीव बघायला नको.

तिथीवरून ओहोटी कशी काढायची

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी सांगतात. हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, म्हणजे तीनने गुणून चारने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनला भरती आणि दुपारीही तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊ-सव्वानऊला पाणी सर्वांत खाली. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच.

पाणी किती खाली जातं, तेही तिथीवर असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी ना धड चढत ना धड उतरत. खडकांतले जीव बघायला अमावास्या किंवा पौर्णिमेपासून पुढच्या चतुर्थीपर्यंतचे दिवस धरा. त्या दिवसांत खोल ओहोटी सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पडते, ऊन्ह तापायच्या आत.

हा अंदाज झाला. निघण्याआधी मोबाइलवर त्या गावाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. त्यात वेळेपुढे मीटरमध्ये उंची दिलेली असते. ओहोटीचा आकडा अर्ध्या मीटरच्या आत असेल तर खडक छान उघडे पडतात.

आता हे सहलीला लावून बघू. मार्चमधला असा शनिवार निवडा की ज्या दिवशी तृतीया किंवा चतुर्थी आहे. पहाटे चारला पुणे सोडलंत की साडेआठ-नऊपर्यंत हरिहरेश्वर गाठता येतं आणि नेमकी तेव्हाच ओहोटी असते. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दुपारी वेळास. संध्याकाळी आणि रविवारी सकाळी कासवांची पिल्लं, रविवारी दुपारनंतर हर्णैचा लिलाव, सोमवारी सकाळी डॉल्फिन आणि परत. सोमवारची रजा टाकावी लागते. दोन दिवसांत हे सगळं कोंबायला गेलात तर सगळं गाडीच्या काचेतूनच बघावं लागेल.

रस्ता

चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. पुढे बागमांडला ते वेसवी फेरीबोट, त्यात गाडीही चढते. वेसवीहून बाणकोटमार्गे वेळास. फेरीची पहिली आणि शेवटची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. शेवटची चुकली तर आंबेत-मंडणगडमार्गे मोठा वळसा पडतो आणि संध्याकाळची पिल्लं हातची जातात. परतताना दापोली, मंडणगड, माणगाव, ताम्हिणी.

गाडी नसेल तर स्वारगेटहून दापोलीपर्यंत एसटी आणि पुढे स्थानिक एसटी किंवा रिक्षा. असं जाणाऱ्यांनी वेळासऐवजी आंजर्ल्याला मुक्काम करावा. तिथेही कासव संवर्धनाचं काम चालतं आणि हर्णै अगदी जवळ आहे.

हरिहरेश्वर: खडकांत काय बघायचं

देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग लाटांनी कापलेल्या खडकांवरून जातो. तो फक्त ओहोटीलाच चालायचा. भरती चढत असताना इथे माणसं वाहून गेली आहेत, म्हणून वेळेचं गणित इथे गमतीचं राहत नाही. नियम एकच ठेवा: कोष्टकातल्या ओहोटीच्या एक तास आधी खडकांवर उतरायचं आणि ओहोटी होऊन अर्धा-पाऊण तास झाला की वर यायचं. समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही.

खडकांत उतरल्यावर चालत सुटू नका. ताटाएवढं एक डबकं निवडा, त्याच्या कडेला उकिडवे बसा आणि आपली सावली पाण्यावर पडू न देता पाच मिनिटं हलू नका. पहिल्या मिनिटाला नुसतं पाणी आणि शेवाळ दिसेल. मग तळाचा एक शंख चालू लागेल. नीट बघा, शंखातून बाहेर आलेले पाय खेकड्याचे असतील. हा शंखवासी खेकडा, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा. कडेला फुलासारखं पसरलेलं समुद्रफूल दिसेल, त्याच्या बारीक भुजा पाण्याबरोबर हलत असतात. खडकाला चिकटलेले टोकदार पांढरे ठिपके म्हणजे बार्नेकल. पाण्यात असताना त्यांच्या तोंडातून पिसासारखा पंजा आत-बाहेर होताना दिसतो. मुलं बरोबर असतील तर हे दृश्य त्यांना आधी दाखवा. पुढचा तासभर ती दुसरं काही मागत नाहीत.

हात मात्र पाण्याबाहेर ठेवा. शंकूच्या आकाराचे, नक्षीदार, सुंदर दिसणारे शंख काही वेळा विषारी नांगी असलेल्या जिवंत गोगलगाईचे असतात. दगड उलटून बघितला तर पुन्हा तसाच, त्याच बाजूने ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात. रिकामे शंखही घरी आणू नका, त्या खेकड्यांना घर बदलायला तेच लागतात.

खाडीच्या चिखलात, कांदळवनाच्या कडेला, डोळे डोक्यावर असलेले छोटे मासे उड्या मारताना दिसतील. ते निवटे. पाण्याबाहेर निवांत बसणारा मासा बघायचा असेल तर फेरीची वाट बघण्याचा वेळ यातच घालवा.

वेळासची कासवं

वेळासच्या कामाची सुरुवात २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने केली. त्याआधी इथली अंडी माणसं उकरून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री खात. आता गावातले कासवमित्र रात्री आणि पहाटे किनारा पालथा घालतात. मादी वर येऊन गेली की वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटतो, त्यावरून घरटं सापडतं. ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते. ती अंडी न फिरवता, न हिंदकळवता कुंपण केलेल्या जागेत हलवतात आणि मादीने केला होता तसाच, घड्याच्या आकाराचा खड्डा हाताने खोदून त्यात ठेवतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. वाळू जास्त तापली तर लवकर, आणि त्यात माद्या जास्त. कासवांत नर-मादी वाळूच्या उष्णतेवर ठरतं, त्यामुळे उन्हाळा वाढत चालल्याची काळजी या किनाऱ्यावर फार आधीपासून केली जाते.

पाहुण्यांसमोर पिल्लं सोडण्याची वेळ साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. गावातून किनाऱ्यापर्यंत चालत जावं लागतं, म्हणून अर्धा तास आधी निघा. कासवमित्र घरट्यावरची टोपली उचलतो. पिल्लं आली नसतील तर तो तसं सांगतो आणि सगळे परत फिरतात. असं होऊ शकतं, हे मुलांना पुण्यातच सांगून ठेवा. म्हणूनच संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन्ही वेळा हाताशी ठेवायच्या.

पिल्लं आली असतील तर दोरीच्या मागे वाळूत बसून घ्या. उभं राहिलं की मागच्यांना दिसत नाही आणि पुढचे पाय दोरीच्या आत जातात. पिल्लू काळपट, आपल्या तळहातात मावेल एवढं. ते पाण्यात नेऊन सोडत नाहीत, लाटांपासून थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात, कारण हा चालण्याचा भाग त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी महत्त्वाचा मानला जातो. मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या भागात परत येते. पहिली लाट अंगावर आली की पिल्लू उलटं पडून मागे फेकलं जातं, पुन्हा सरळ होतं आणि पुन्हा तिकडेच निघतं. मदत करावीशी वाटते. करायची नाही. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, हातात घेऊन फोटो नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण.

ही कासवं कुठे जातात हे आता थोडं कळू लागलं आहे. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, तिचं नाव प्रथमा. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली बागेश्री दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेकडे गेली. ओडिशात २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी असावीत, या समजाला तिने धक्का दिला. कासवमित्रांना हे सगळं विचारा, ते भरभरून बोलतात. रात्री अंडी घालणारी मादी बघायला मात्र स्वतःच्या हिमतीवर किनाऱ्यावर जाऊ नका. उजेड आणि आवाज जाणवला की ती अंडी न घालताच परत फिरते.

मुक्काम गावातल्या घरांत. आधी फोन करून नक्की करा, जेवणाचा आकडा सांगा, आणि घरट्यांची सद्यस्थिती त्यांनाच विचारा. रोख पैसे जवळ असू द्या. वेळासला जागा मिळाली नाही तर आंजर्ले, कोळथरे, गुहागर, रत्नागिरी तालुक्यातलं गावखडी आणि वेंगुर्ल्याचं वायंगणी इथेही हे काम चालतं. गुहागरला जायचं तर ताम्हिणी सोडून कराड-पाटण-कुंभार्ली घाट-चिपळूण असा रस्ता धरा.

हर्णै-मुरुड: डॉल्फिन

इथे दिसणारा डॉल्फिन म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन. तो खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो, म्हणून आपल्याला दिसतो. आणि म्हणूनच त्याला धोका जास्त: जाळी, बोटींचे पंखे आणि खाडीतून येणारी घाण सगळी याच पट्ट्यात असते. जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त आहे.

सकाळी सातच्या सुमाराची फेरी घ्या. दहा-अकरानंतर खारा वारा सुटतो, पाण्यावर पांढरे तुरे उठतात आणि पंख दिसला तरी लाट वाटते. बोटीत बसल्यावर पाण्याकडे टक लावण्यापेक्षा पक्षी बघा. कुरव एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील तर तिथे माशांचा थवा आहे, आणि डॉल्फिनही त्याच थव्यामागे असण्याची शक्यता मोठी.

बोटीत चढायच्या आधीच बोटवाल्याला सांगून ठेवा: "दादा, मागे लागायचं नाही. दिसले की इंजिन बंद करा, आम्ही लांबूनच बघू." पैसे ठरवतानाच हे बोललं की तो ऐकतो. गिऱ्हाइकाला जवळून दाखवलं नाही तर ते कुरकुर करतं, या भीतीने तो पाठलाग करत असतो. त्यांच्या वाटेत आडवं जायचं नाही, समांतर राहायचं, निदान पन्नास मीटर अंतर ठेवायचं. आधीच दोन बोटी तिथे असतील तर आपण थांबायचं. इंजिन बंद झालं की त्यांचा फुस्स असा श्वास ऐकू येतो. पाठलागात हा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी, पोहता येणाऱ्यांनीही.

हर्णैचा लिलाव

दुपारी चारच्या सुमाराला बंदरावर पोहोचा. समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या, आणि होड्यांपासून वाळूपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून मासळी आणणाऱ्या बैलगाड्या. वाळूवर ढीग पडतात आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. बोली भराभर चढते. मध्ये उभं राहून व्हिडिओ काढू नका, तिथे लोकांचं पोट चाललेलं असतं. आपल्याला एक-दोन किलो हवी असेल तर लिलाव घेऊन बाजूला बसलेल्या मावशींकडून घ्या. "मावशी, आजची कुठली?" असं विचारलं की त्या खरं सांगतात.

ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत असतो, कल्ला उचलला की आत लालभडक, बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून येतो. कोलंबीचं डोकं घट्ट चिकटलेलं हवं. माशांची ओळख नसेल तर जाण्याआधी एखाद्या रविवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात चक्कर मारा. घेतलं नाही तरी चालेल, नावं आणि तोंडं जुळवा. तिथे तासभर घालवलेल्या माणसाला हर्णैच्या गोंधळात हलवा आणि पापलेट वेगळं ओळखता येतं.

मालवण: पाण्याखाली

ही सहल वेगळी, चार-पाच दिवसांची. कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली, मालवण, आठ-नऊ तास तरी लागतात. कोकण रेल्वेने जायचं तर पनवेलहून गाडी धरून कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरा.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि प्रवाळ त्यात येतात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्याच खडकांच्या पाण्याखालच्या अंगावर आज प्रवाळ वाढतात आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे टोळीने फिरतात.

स्नॉर्केलिंग की स्कूबा? पहिल्यांदा स्नॉर्केलिंग करा. पृष्ठभागावर तरंगत, आपल्या गतीने, हवा तितका वेळ बघता येतं. स्कूबाच्या पहिल्या डाइव्हला निम्मं लक्ष श्वासाकडे आणि कानाकडे जातं. पुण्यातल्या पोहण्याच्या तलावात दोन-तीन वेळा मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून जा, पैसे वसूल होतात. मास्क घ्यायच्या आधी पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. मिशी असेल तर पाणी शिरणारच, वरच्या कडेला थोडं व्हॅसलीन लावा.

स्कूबा शिकायचीच असेल तर तारकर्लीत एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. दमा, कानाचा त्रास, साधी सर्दी असेल तरी उतरू नका. आणि एक गोष्ट पुणेकरांनी खास लक्षात ठेवायची: डाइव्ह केल्यावर त्याच दिवशी घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन त्रास देऊ शकतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास थांबा असं सांगतात. घाटमाथा आणि पुणंही सहाशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा तोच नियम पाळा. डाइव्ह सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या सकाळी नको.

प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड दिसतो, पण त्यावर जिवंत कातडी असते आणि एका पावलाने ती मरते. माशांना पाव-बिस्किटं टाकून जमवतात, तसं आपल्यासाठी करू नका म्हणून सांगा. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला.

सकाळी देवबाग-तारकर्लीच्या वाळूवर फिरताना रापण ओढताना दिसली तर थांबा. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून टाकलेलं लांब जाळं दोन्ही टोकांनी दोन रांगा ओढत आणतात. जाळं जवळ येईल तसे घारी, बगळे, कुरव गोळा होतात. शेवटच्या दहा मिनिटांत तारल्या, बांगडे, लेपे, मधूनच फुगलेला केंड मासा आणि जेलीफिश, असं त्या खाडीतोंडाचं सगळं जीवन वाळूवर येतं. विचारून दोराला हात लावा, कोणी नाही म्हणत नाही. जेलीफिशला मात्र मेलेली असली तरी हात लावू नका.

काय खायचं

मेन्यू कार्ड बाजूला ठेवा आणि "आज काय आलंय?" विचारा. मुक्कामाच्या घरी तर आदल्या रात्रीच सांगायचं, म्हणजे काकू सकाळी बाजारातून तुमच्या हिशोबाने आणतात. ठरवून सुरमई-पापलेटच मागितलं तर जे असेल ते, असेल त्या भावात मिळतं. पुणेकरांनी थोडं धाडस करून बांगडा, मांदेली, सौंदाळे, लेपा, मुडदुशी यांच्याकडे वळावं. स्वस्त, ताजे आणि त्या दिवसाचे.

बांगड्याचं तिखलं मालवणला खायचं. लाल मिरची, आमसुलं, खोबरेल आणि तिरफळ, रस्सा अंगाबरोबर. तिरफळ पानात आलं तर बाजूला काढा, चावलं की जीभ बधिर होते. त्याचा वास मात्र माशाचा उग्रपणा घालवतो, म्हणून बांगडा-तारलीला ते हवंच. बरोबर तांदळाची भाकरी. तिसऱ्यांचं सुकं आणि कुर्ल्यांचं कालवण दुपारच्या जेवणात घ्या, रात्री उशिरा नको. कवचाच्या माशांची ॲलर्जी पहिल्यांदाच समजायची असेल तर ती दवाखाना उघडा असताना समजलेली बरी. सोलकढी ताजी आहे का ते विचारा. नारळाचं दूध पिळून लगेच केलेली कढी फिकट गुलाबी असते, ठेवलेली फाटल्यासारखी दिसते.

वेळासला अनेक घरांत जेवण शाकाहारी असतं आणि तेच तिथलं खरं जेवण: कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी, पोह्याचे पापड, गरम भात. उकडीचे मोदक आधी सांगितले तर करून देतात. तुमचा शनिवार संकष्टीचा निघाला तर चंद्रोदयाला पानावर तेच असतील, पण उपासाचं आदल्या दिवशी कळवा. सिंधुदुर्गात न्याहरीला घावणे-रस किंवा खापरोळ्या मागा. नारळाच्या गुळाळ रसात बुडवलेली जाळीदार खापरोळी पुण्यात सहजी मिळत नाही.

ज्या समुद्रातले जीव बघायला आलो, तोच समुद्र ताटात येतो. म्हणून एवढं पाळा: लहान मासे मागू नका, समोर आले तर परत करा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, सुरमईसाठी ३७०. पापलेट त्याच वर्षी राज्य मासा झाला, कारण तो कमी होत चालला आहे. तळहाताहून लहान पापलेट "स्वस्तात आठ" म्हणून ताटात येतात, ते अंडी घालण्याआधीच पकडलेले असतात. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण मालवणात आवडीने करतात. मी ते खात नाही. मोरी उशिरा वयात येते आणि पिल्लं थोडी देते, पकडली तेवढी भरून येत नाही.

सामान

घसरणार नाहीत असे मागे पट्टा असलेले जुने सँडल, दुर्बीण असल्यास ८ बाय ४२ ची, टोपी, सुती कपडे, पाण्याच्या बाटल्या, उलटीच्या गोळ्या (बोटीत बसायच्या अर्धा तास आधी), लाल जिलेटिन कागद लावलेली टॉर्च (फक्त वाटेसाठी, पिल्लांजवळ नाही), कचऱ्यासाठी एक पिशवी. परत येताना मासे आणायचे तर बर्फ भरलेला थर्माकोलचा खोका. सुकट, सोडे, सुका बांगडा दुहेरी पिशवीत बांधा आणि डिकीत ठेवा.

संकटातला प्राणी दिसला तर

जाळ्यात अडकलेलं कासव, किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन किंवा देवमासा दिसला तर आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ठिकाण पाठवा. गावातल्या कासवमित्राला किंवा मच्छीमारांना बोलवा. वाळूवर आलेलं कासव उचलून परत पाण्यात ढकलू नका. बहुतेकदा ते आजारी किंवा दमलेलं असतं, पाण्यात बुडूही शकतं. त्याला सावली करा, कुत्री लांब ठेवा, गर्दी हटवा. डॉल्फिन किंवा देवमासा असेल तर अंगावर ओलं फडकं टाका, पाणी ओतत राहा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि शेपटीच्या टप्प्यात उभे राहू नका. मच्छीमाराच्या जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला असेल आणि तो जाळं कापायला कचरत असेल, तर त्याला सांगा की २०१८ पासून राज्य सरकार त्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. कापण्याआधी, कापताना आणि प्राणी सोडताना असे फोटो त्याला तुमच्या मोबाइलवर काढून द्या, अर्ज करताना ते लागतात.